कोट संरक्षित, घर अनोंदित : रेवदंड्याच्या निमित्ताने वारसायादीच्या परिभाषेची चिकित्सा

सारांश

रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे पोर्तुगीजकालीन कोटाचे अवशेष व लोकवस्तीची घरे एकाच परिसरात आढळतात. अवशेषांना कायद्याचे संरक्षण आहे. घरांची नोंद मात्र ‘वारसा’ म्हणून होत नाही. ही तफावत केवळ प्रशासकीय दुर्लक्षातून निर्माण झालेली नसून वारसाविषयक लेखनाच्या व कायद्याच्या परिभाषेतच तिचे मूळ आहे, असे प्रस्तुत निबंधात प्रतिपादन केले आहे. मराठी साहित्यातील घराचे चित्रण ही उणीव काही अंशी भरून काढते. परंतु त्या चित्रणालाही स्वतःच्या मर्यादा आहेत. या दोहोंची चिकित्सा करून घराची नोंद कशी असावी याचा विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : रेवदंडा, चिरेबंदी घर, वाडी, वारसायादी, खोती, मराठी कादंबरी.

१. प्रस्तावना

कुंडलिका नदी जेथे अरबी समुद्रास मिळते तेथे, तिच्या उत्तर तीरावर, अलिबाग तालुक्यातील रेवदंडा हे गाव वसले आहे. समोर दक्षिण तीरावर कोर्लईचा डोंगर व त्यावरील किल्ला दिसतो. शेजारचे चौल हे प्राचीन बंदर. ग्रीक व अरब लेखकांनी निरनिराळ्या नावांनी त्याचा उल्लेख केला आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन प्रवासी याच किनाऱ्यावर उतरला. त्याच्या स्मरणार्थ २००२ मध्ये रेवदंड्यात स्मारक उभारण्यात आले. पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये येथे वखार घातली, १५२१ मध्ये किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला, १५७०-७१ चा निजामशाही वेढा परतवून लावला आणि १७४० मध्ये हे ठाणे मराठ्यांच्या स्वाधीन केले. सव्वादोनशे वर्षांच्या या राजवटीचे अवशेष म्हणजे तटबंदी, वेशी, चर्चच्या पडक्या भिंती आणि ‘सातखणी’ या नावाने ओळखला जाणारा बुरूज.

हा सर्व तपशील परिचित आहे. परंतु रेवदंड्यास जाणाऱ्याच्या नजरेस आणखी एक गोष्ट पडते. रस्ता कोटाची भिंत ओलांडून आत शिरतो आणि आत नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. वाड्यांत घरे आहेत, घरांपुढे अंगणे आहेत, अंगणांत कपडे वाळत असतात. मोकळ्या माळावर एकाकी उभ्या असलेल्या किल्ल्यासारखा हा कोट नाही. त्याच्या आत गाव नांदते आहे. तरीही रेवदंड्याचा वारसा म्हणून जे काही लिहिले, छापले व संरक्षिले जाते, त्यात कोट असतो आणि गाव नसते. ही अनुपस्थिती कोठून आली, हा प्रस्तुत निबंधाचा पहिला प्रश्न होय. ती दूर करावयाची झाल्यास घराकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा दुसरा प्रश्न होय.

२. दोन ग्रंथ आणि एक विभागणी

रेवदंडा-चौलसंबंधीच्या आधुनिक लेखनाचा पाया एकोणिसाव्या शतकातील दोन ग्रंथांनी घातला. जे. गर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई येथील पुरावशेषांवरील इंग्रजी ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८८३ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील कुलाबा व जंजिरा यांचा खंड निघाला. दोन्ही ग्रंथांचे श्रम थोर आहेत. आजही कोणत्याही अभ्यासकास त्यांच्याकडे वळावेच लागते. मात्र थोर ग्रंथांची दृष्टीही तपासावी लागते, कारण पुढील पिढ्या माहितीबरोबर दृष्टीही उसनी घेतात.

द कुन्हा यांच्या ग्रंथाचा विषय नावाप्रमाणेच इतिहास व पुरावशेष हा आहे. कोण आले, कोणी बांधले, कोणी वेढा दिला, कोणी सोडून दिले, हा त्याचा क्रम आहे. दगड येथे सत्तेचा साक्षीदार म्हणून येतो. गॅझेटियरची व्याप्ती अधिक मोठी, म्हणून त्यातील विभागणी अधिक बोलकी आहे. गॅझेटियरच्या पद्धतीनुसार ‘स्थळे’ या प्रकरणात चौलचा इतिहास व तेथील अवशेष यांचे सविस्तर वर्णन येते. लोकांची घरे मात्र या प्रकरणात नसतात. ती ‘लोकसंख्या’ या प्रकरणात जातवार वर्णनांत येतात. अमुक जातीचे लोक कसे कपडे घालतात, काय खातात, त्यांची घरे कशाची असतात, असा तो क्रम होय.

या विभागणीचा परिणाम सूक्ष्म परंतु दूरगामी आहे. चर्चची भिंत ‘स्थळ’ ठरते, तर आगऱ्याचे वा कोळ्याचे घर ‘राहणीमान’ ठरते. पहिल्याला स्थान, काळ व कर्ता असतो. दुसऱ्याला यांपैकी काहीच नसते. ते त्या जातीच्या पागोट्यासारखे वा भाकरीसारखे एक लक्षण होऊन बसते. इतिहास भिंतीला आणि सवय घराला, अशी ही वाटणी आहे. पुढील काळात गॅझेटियरमधील माहिती जुनी झाली, पण ही वाटणी जुनी झाली नाही. ती कायद्याच्या भाषेत उतरली.

३. कायद्याच्या भाषेतील घर

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ हा या क्षेत्रातील केंद्रीय कायदा होय. किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय अथवा कलात्मक महत्त्वाची वास्तू, थडगे, लेणे, शिल्प, शिलालेख इत्यादींचा अंतर्भाव तो ‘प्राचीन स्मारक’ या संज्ञेत करतो. महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम १९६० चा आहे. या व्याख्येत राहते घर बसू शकत नाही, असे नाही. शंभर वर्षांची अट कोकणातील कितीतरी घरे पूर्ण करतील. परंतु ‘महत्त्व’ ठरविण्याची कसोटी मात्र वर पाहिलेल्या वाटणीतून आलेली आहे. ज्याला राजवट नाही, शिल्प नाही, लेख नाही, त्याचे महत्त्व सिद्ध करावयाचे कसे, याचे उत्तर व्याख्या देत नाही.

२०१० च्या दुरुस्तीने परिस्थिती अधिक गुंतागुंतीची झाली. संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील दोनशे मीटरचे क्षेत्र विनियमित ठरविण्यात आले. स्मारकांना खेटून उभ्या राहणाऱ्या इमारतींना आळा घालणे हा या तरतुदीचा हेतू होता आणि तो रास्त होता. प्रतिबंधित क्षेत्रातील ज्या इमारती १६ जून १९९२ पूर्वी अस्तित्वात होत्या, त्यांच्या मालकांना दुरुस्ती व नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पुनर्बांधणी मात्र या सवलतीत येत नाही. विनियमित क्षेत्रात पुनर्बांधणीसाठीही अर्ज करता येतो.

दुरुस्ती आणि पुनर्बांधणी हा भेद सिमेंटच्या इमारतीसंबंधी स्पष्ट असेल. मातीच्या व चिऱ्यांच्या घरासंबंधी तो तितका स्पष्ट नाही. कोकणातील जुन्या घराची एखादी भिंत पावसाळ्यात खचते आणि दिवाळीनंतर ती पुन्हा रचली जाते. आढे किडले की ते बदलले जाते, वासे बदलले जातात, कौले उतरवून पुन्हा चढविली जातात. एका पिढीच्या काळात घराचा बराचसा भाग नवा झालेला असतो आणि तरीही ते घर तेच असते. या क्रियेला दुरुस्ती म्हणावे की पुनर्बांधणी? परिभाषेने असे गृहीत धरले आहे की, वास्तू एकदाच बांधली जाते आणि नंतर फक्त टिकविली जाते. ज्या वास्तूचे टिकणे म्हणजेच तिचे सतत बांधले जाणे, तिच्यासाठी या परिभाषेत जागा नाही. परिणामी कोटाच्या परिसरातील दीडशे वर्षांचे घरदेखील कायद्याच्या दृष्टीने स्मारकाशेजारचे ‘बांधकाम’ ठरते. वारशाच्या कायद्याशी त्याचा संबंध येतो तो केवळ निर्बंधाच्या रूपाने.

घराची नोंद अन्यत्र कोठे होते, हेही पाहण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, प्रत्येक घर असते. तेथे मालकाचे नाव, क्षेत्रफळ व बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो. कर आकारताना इमारतीच्या वयानुसार घसारा धरला जातो. म्हणजे घर जितके जुने तितके त्याचे मूल्य कमी. पुरातत्त्वाच्या कायद्यात शंभर वर्षांचे वय पात्रता ठरते, तर पंचायतीच्या वहीत तेच वय उणेपणा ठरते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जाऊ लागली. हक्काच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. परंतु आकाशातून घराचे छप्पर दिसते. माजघर दिसत नाही. अशा रीतीने एकाच घराची तीन चित्रे तयार होतात : निर्बंधित बांधकाम, घसाऱ्यास पात्र मालमत्ता आणि छपराची आकृती. यांपैकी एकातही ‘घर’ नाही.

४. घर म्हणजे काय : रचना आणि राबता

अष्टागरातील पारंपरिक घराची रचना स्थूलमानाने सांगता येते. काळ्या दगडाचे जोते, चिऱ्याच्या, विटांच्या अथवा मातीच्या भिंती, लाकडी खांब व तुळया, उतरते कौलारू छप्पर. पुढे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, वर माळा आणि मागे परसू. परसवाला लागून वाडी, वाडीत विहीर, विहिरीवर एके काळी रहाट. रहाटाचे पाणी दोणीत पडे आणि तेथून पाटाने झाडांच्या आळ्यांत जाई. पोफळीला सावली नारळाची, वेलीला आधार पोफळीचा, आणि या सर्वांना पाणी एका विहिरीचे. वाडीतील नारळाची झावळीही वाया जात नसे. तिचे झाप विणून पावसाळ्यात भिंतींना झडीपासून आडोसा केला जाई.

या वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घर आणि वाडी ही दोन स्वतंत्र मालमत्ता नाहीत. वाडीचे उत्पन्न घराची शाकारणी करते आणि घरातील माणसे वाडी शिंपतात. वाडी विकली की घराला झापही मिळत नाहीत व शाकारणीचा खर्चही निघत नाही. केवळ वास्तूची सूची करणारी कोणतीही यादी या संबंधाचा एकच टोकाचा भाग उचलते.

दुसरी गोष्ट ‘अस्सलपणा’च्या कल्पनेसंबंधी आहे. कोकणी घराचे चित्र काढताना लाल मंगलोरी कौले आवर्जून रंगविली जातात. हे कौल बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू केलेल्या कारखान्याचे अपत्य होय. त्यापूर्वीची छपरे नळीच्या कौलांची वा गवता-झापांची असत. आज जे परंपरेचे चिन्ह समजले जाते ते एके काळी मिशनच्या कारखान्यातून जहाजाने आलेले नवे साहित्य होते, आणि कोकणातील घराने ते सहज पचविले. तेव्हा घराचा अस्सलपणा साहित्याच्या जुनेपणात शोधणे चुकीचे ठरते. नवे साहित्य जुन्या व्यवहारात सामावून घेण्याची त्याची जी शक्ती, तीच त्याची परंपरा होय.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हा विचार नवा नाही. ‘इकोमॉस’ या संस्थेने १९९९ मध्ये मेक्सिको येथे स्वीकारलेल्या लोकवास्तूविषयक सनदेत अशी वास्तू ही समाजाची स्वतःला निवारा देण्याची सहज रीत असून ती परिस्थितीनुसार बदलत राहणारी प्रक्रिया आहे, असे मानले आहे. ‘इंटॅक’च्या २००४ च्या सनदेनेही असंरक्षित वास्तूंचा आणि पारंपरिक कारागिरांच्या ज्ञानाचा विचार केला आहे. प्रश्न एवढाच की, ही समज सनदांत राहिली आणि गावच्या नोंदवहीपर्यंत पोहोचली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. कौले उडाली, वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर अनेक छपरांवर कौलांच्या जागी पत्रे आले. निर्णय निवडीचा नव्हता. पावसाळा तोंडावर होता. घराचा व वाडीचा संबंध एकाच वेळी तुटला तर परंपरा किती थोड्या दिवसांत बदलते, याचा तो प्रत्यय होता. अशा वेळी कौलारू छपरासाठी काही साहाय्य द्यावयाचे म्हटले, तरी कोणत्या घरांना द्यावयाचे, हे सांगणारी यादी असावी लागते.

५. मराठी साहित्यातील घर : साक्ष आणि पक्षपात

जे नोंदवहीत नाही ते मराठी साहित्यात विपुल आहे. म्हणून घराची परिभाषा शोधताना साहित्याकडे वळणे हा केवळ भाषेच्या अध्यापकाचा छंद ठरत नाही. गो. नी. दांडेकर यांच्या ‘पडघवली’ (१९५५) या कादंबरीचे निवेदन सून म्हणून गावात आलेल्या स्त्रीच्या तोंडी आहे. या एका निवडीमुळे घर आतून दिसते. घराचे क्षेत्रफळ वा शैली कळत नाही. त्यातील कामे, सणवार, आजारपणे व नाती कळतात. गाव ओस पडत जाण्याची प्रक्रियाही घराघरांतून पाहावयास मिळते. वास्तुसूचीच्या कोणत्याही रकान्यात न बसणारी ही माहिती आहे आणि तीच घराचा गाभा आहे.

श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही द्विखंडात्मक कादंबरी जगबुडीच्या काठावरील एका खोत घराण्याच्या चार पिढ्या उभ्या करते. येथे घर सत्तेचे केंद्र आहे. दगडी जोत्यामागे जमीन आहे, जमिनीमागे हक्क आहे आणि हक्कामागे बळ आहे, याचे भान ही कादंबरी सोडत नाही. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. ते कोकणातले नाही; विदर्भातील धरणगावच्या देशपांडे कुटुंबाचे आहे. तथापि प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध शीर्षकापासूनच जुळतो. वडिलांच्या मृत्यूनंतर तेराव्याचा खर्च, दागिने, वाटण्या, अंगणात पडून राहिलेला ट्रॅक्टर, मुंबईस गेलेला भाऊ आणि मागे राहिलेल्या बायका यांतून असे दिसते की, चिरेबंदी भिंतींना तडे बाहेरच्या पावसाने जात नाहीत. ज्या जमिनीच्या उत्पन्नावर वाडा उभा होता ते आटले आणि प्रतिष्ठा मात्र उरली. वाडे का पडतात याचे इतके नेमके अर्थशास्त्र एखाद्या संवर्धन-अहवालात क्वचितच आढळेल.

परंतु या साक्षीचा पक्षपातही पाहिला पाहिजे. तिन्ही कृतींतील घर हे जमीनधारकाचे, बहुशः खोताचे वा देशमुखी-देशपांडेपणाचे घर आहे. ते पडू लागले की साहित्यात विषाद दाटतो. त्या घराच्या ओटीवर मक्त्याचे धान्य घेऊन येणाऱ्यास ते पडताना कसे दिसले असेल? हा प्रश्न अलिबाग तालुक्यात तरी टाळता येत नाही. याच तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. कुळांनी जमिनी कसण्यास नकार दिला व उपासमार सोसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा पुढे १९४९ मध्ये झाला. ज्या उत्पन्नावर मोठी घरे उभी होती ते या लढ्याने व नंतरच्या कूळकायद्याने थांबले. ‘गतवैभव’ या एका शब्दात ही दोन्ही टोके झाकली जातात. एकाचे वैभव गेले म्हणजे दुसऱ्याचे ओझे उतरले, हे वारशाच्या लेखनात स्पष्टपणे लिहिले गेले पाहिजे.

हीच गोष्ट घराच्या आराखड्यासंबंधी आहे. वास्तुविशारदांच्या वर्णनात अंगण, पडवी, ओटी, माजघर हा क्रम सार्वजनिकाकडून खासगीकडे जाणारी सुंदर श्रेणी म्हणून येतो. ती श्रेणी सुंदर असेलही. परंतु प्रत्येक पायरीवर कोणीतरी थांबविला जात होता. कोणी अंगणातच उभा राहत असे, कोणी पडवीपर्यंत येत असे, ओटीवर बैसण्याचा मान ठराविकांचाच असे. घरातल्या स्त्रीचीही जागा दिवसांनुसार बदलत असे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनात कोकणच या अंगणाच्या बाहेरून दिसते. तेथे घराचा आधार आईने विणलेली बांबूची आयदाने आहेत, आणि डोंगरातून शहरापर्यंत डोक्यावर ओझी वाहून नेणाऱ्या बायका आहेत. ‘पडघवली’ आणि ‘आयदान’ एकत्र वाचल्यावरच कोकणातील घराचा आराखडा पूर्ण होतो. एकीत उंबरठ्याची आतली बाजू आहे, दुसरीत बाहेरची. उंबरठा मात्र एकच आहे.

६. दगड न उरलेली घरे

रेवदंड्याच्या परिसरात अशीही घरे होती व आहेत की, ज्यांच्याविषयी साहित्यानेही फारसे लिहिलेले नाही. बेने इस्राएल हा मराठीभाषी ज्यू समाज या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदला. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुट्टी यांवरून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. रेवदंड्यातील बेथ एल हे सिनेगॉग त्यांच्या वास्तव्याची साक्ष देते. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. प्रार्थनास्थळ दाखविता येते. घरे मात्र इतरांच्या हाती गेली वा पडली. तरीही चेऊलकर, नवगावकर, केहिमकर, रोहेकर ही आडनावे समुद्रापलीकडे टिकून आहेत. घर गेल्यावर गावाचे नाव माणसाच्या नावाला चिकटून राहिले. हा वारसाच होय. पण भिंत शोधणाऱ्या सूचीत तो सापडणार नाही.

कुंडलिकेपलीकडील कोर्लई गावातील ख्रिस्ती समाजाचे उदाहरण याहून बोलके आहे. पोर्तुगीज सत्ता गेली, चर्च पडली, परंतु पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली एक संमिश्र बोली तेथे राहिली. तिचे बोलणारे तिला ‘नोलिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. भाषावैज्ञानिक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पावणेतीनशे वर्षे राजाश्रयावाचून ही बोली कोठे टिकली? साध्या घरांच्या चुलीपाशी. सातखणी बुरूज पोर्तुगीजांनी बांधला म्हणून संरक्षित आहे. पोर्तुगीजांची भाषा ज्यांनी आपली करून जपली त्यांचे घर मात्र कोणत्याच अर्थाने स्मारक नाही. वारशाच्या परिभाषेतील विसंगती याहून स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही.

गोव्याशी तुलना केल्यास फरक ध्यानात येतो. तेथे चांदोर, लोटली येथील मोठ्या घरांतून कुटुंबे नांदत राहिली, त्यांच्याविषयी ग्रंथ झाले आणि ‘गोव्याचे घर’ ही एक सांस्कृतिक ओळख बनली. अर्थात तेथेही प्रकाश मुख्यतः भाटकारांच्या घरांवर पडला, मुंडकारांच्या खोपीवर नव्हे. म्हणजे यादी झाली तरी पक्षपात आपोआप जात नाही.

७. आक्षेप आणि आजची निकड

घरांची वारसा म्हणून नोंद करण्यास एक गंभीर आक्षेप घेतला जातो. नोंद म्हणजे निर्बंध. निर्बंध म्हणजे मालकावर भुर्दंड. शहरातील माणसाला कौलारू घर पाहावयास हवे म्हणून गावातील माणसाने गळक्या छपराखाली का राहावे? हा आक्षेप खोटा नाही. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने इमारतींच्या श्रेणी ठरविल्या, तेव्हापासून मालक, भाडेकरू व संवर्धक यांच्यातील ताण सर्वांनी पाहिला आहे. रेवदंड्यातील रहिवाशांना तर स्मारकाच्या सान्निध्याचे निर्बंध आधीच सोसावे लागतात. त्यांना ‘वारसा’ या शब्दाची धास्ती वाटल्यास नवल नाही.

परंतु नोंद न करण्याचीही किंमत आहे आणि ती आता वेगाने चुकती होत आहे. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी रो-रो सेवा सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला. मुंबई आणि अलिबाग यांतील अंतर कमी झाले तशी वाडीची किंमत नारळावर न ठरता तिच्या समुद्रापासूनच्या अंतरावर ठरू लागली. जुनी घरे मोडताना त्यांतील खांब व दरवाजे विकत घेतले जातात आणि विश्रामगृहांच्या स्वागतकक्षांत लावले जातात. तेथे ‘कोकणी घर’ दिसते. त्याला वाडी नसते, चूल नसते, शेजार नसतो. आपले घर गळते म्हणून ज्याने विकले त्याला त्याच्या खांबाचे मोल कळलेले नसते, कारण पंचायतीच्या वहीत त्यावर घसारा धरलेला असतो. नोंदीचा पहिला लाभ हा मालकालाच व्हावयास हवा : आपल्याकडे काय आहे ते त्याला कळावे आणि ते राखण्याचा भार त्याच्या एकट्यावर पडू नये.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) रेवदंड्यातील घरे वारसायादीबाहेर राहिली याचे कारण त्यांचे वय वा त्यांची अवस्था हे नसून ‘स्थळ’ व ‘राहणीमान’ यांत एकोणिसाव्या शतकात झालेली वाटणी हे होय. कायद्याने ती वाटणी नकळत पुढे चालविली.

(२) दुरुस्ती व पुनर्बांधणी यांतील कायदेशीर भेद माती-चिऱ्याच्या घरांना जसाच्या तसा लागू होत नाही. प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी वारसा उपविधी करण्याची तरतूद २०१० च्या दुरुस्तीतच आहे. वस्ती असलेल्या कोटाच्या उपविधींत घराच्या नित्य शाकारणीचा व पडलेली भिंत उभारण्याचा स्पष्ट विचार व्हावयास हवा.

(३) घराची नोंद वाडी, विहीर, पाण्याची वाट आणि कारागीर यांसह झाली पाहिजे. जोत्याचे माप घेणाऱ्याने शाकारणी कोण करतो व चिरा कोण घडवितो हेही लिहावे. नगररचनेच्या १९६६ च्या अधिनियमात ऐतिहासिक व वास्तुविषयक महत्त्वाच्या स्थळांच्या जतनास जागा आहे. परंतु काय जतन करावयाचे ते आधी गावपातळीवर लिहिलेले असावे लागते.

(४) नोंदीत घराचा सामाजिक इतिहास वगळू नये. खोताच्या ओटीची नोंद चरीच्या संपाशिवाय आणि पोर्तुगीज बुरुजाची नोंद कोर्लईच्या बोलीशिवाय अपुरी आहे. कोणते घर सुंदर आहे एवढेच न पाहता त्या घरात कोणाला प्रवेश नव्हता, हेही लिहिणारी यादीच विश्वसनीय ठरेल.

(५) या कामी मराठी साहित्य हा दुय्यम पुरावा मानला जाऊ नये. त्यातील विषादाला बळी न पडता त्याचा उपयोग करणे, ही साहित्याच्या अभ्यासकाची जबाबदारी आहे.

शेवटी एका व्यावहारिक गोष्टीचा निर्देश आवश्यक वाटतो. अशी नोंद करण्यास मोठ्या यंत्रणेची वाट पाहण्याचे कारण नाही. रायगड किनाऱ्यावरील महाविद्यालयांत इतिहास, भूगोल, मराठी व अर्थशास्त्र हे विभाग आहेत आणि त्यांचे विद्यार्थी याच घरांतून येतात. आजी-आजोबांना विचारून आपल्या घराची चार पाने लिहिणे हा त्यांच्यासाठी प्रकल्प होऊ शकतो. त्यातील काही पाने चिरेबंदी घरांची असतील, काही कुडाच्या घरांची, काही पडून गेलेल्या घरांची. कोटाच्या भिंती त्यांच्या पालनकर्त्यांच्या हाती सुरक्षित राहोत. घरांची साक्ष देणारी पिढी मात्र फार काळ थांबणार नाही.